इन-इअर इअरफोनचा आवाज सुधारताना तपासणी कानापासून सुरू करावी

इन-इअर इअरफोनचा आवाज पातळ, कर्कश किंवा बसका वाटू लागला की बहुतेक जण आधी फोनमधला इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याची सोय) उघडतात, मग गाण्यांचा दर्जा बदलून पाहतात आणि एवढे करूनही समाधान झाले नाही तर नवा इअरफोन घेतात. माझ्या मते तपासणीचा हा क्रम उलटा आहे. आवाजाचा प्रवास फाइलपासून सुरू होऊन कानाच्या पडद्याशी संपत असला, तरी तो बिघडण्याचा संभव सर्वांत जास्त असतो तो शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये, म्हणजे इअरफोनचे तोंड आणि कानाचा पडदा यांच्या मधल्या जागेत. म्हणून आधी टिप (इअरफोनच्या तोंडावरचे मऊ टोपण), मग जाळी, त्यानंतर वायर किंवा ब्लूटूथ आणि सर्वांत शेवटी इक्वलायझर, असे कानाकडून फोनकडे जावे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

टिप नीट बसली आहे का?

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून दट्ट्या हळूहळू ढकलला तर आतला दाब बोटाला जाणवतो. बोट जरासे सैल केले की हवा फुस्सकन निसटते आणि दाब उरत नाही. इन-इअर इअरफोनमधला बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, याच तत्त्वावर चालतो. टिपने कानाची नळी पूर्ण बंद केली असेल, तर इअरफोनच्या आतला इवलासा पडदा पुढे-मागे होताना त्या बंदिस्त हवेचा दाब कमी-जास्त करतो आणि तो सरळ कानाच्या पडद्यावर पोहोचतो. टिपच्या कडेला बारीक फट राहिली, तर खालच्या पट्टीतला आवाज तिच्यातून निसटतो, कारण तिथे दाब सावकाश बदलतो आणि हवेला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो. वरच्या पट्टीतल्या कंपनांत हवेला तेवढी सवड मिळत नाही, म्हणून ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येतो. फटीमुळे एकूण आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, तर नुसता बेस गायब होऊन उरलेले सारे टोचू लागते, आणि ऐकणारा ‘हा इअरफोनच कर्कश आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. ठराविक वारंवारतेचा सूर वाजवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे, व्हॉल्यूम कमी ठेवावा आणि ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० कंपनांचा) सूर लावावा. तो चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच सूर एकदम भरदार झाला आणि बोट काढताच ओसरला, तर टिप गळते आहे असे समजावे. ही चाचणी दोन्ही कानांची वेगवेगळी करावी, कारण डाव्या आणि उजव्या कानाच्या नळ्या अनेकांच्या बाबतीत सारख्या मापाच्या नसतात. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी टिप लावण्यात काहीही चूक नाही. खोक्यातून येणाऱ्या तीन जोड्यांपैकी आधीच लावलेली मधल्या मापाची जोडी तशीच वापरत राहणे ही मात्र सार्वत्रिक सवय आहे. मीही कित्येक महिने इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबलने वर ठेवून ऐकत होतो. डाव्या कानाची टिप एक माप मोठी केली त्या दिवशी तो सगळा चढवलेला बेस असह्य झाला आणि इक्वलायझर पूर्ण बंद करावा लागला.

बसवण्याची रीतही महत्त्वाची आहे. नळी सरळ नसते, तिला वळण असते, त्यामुळे इअरफोन नुसता ढकलल्यास टिप वाकडी होऊन एका बाजूला दुमडते. उजव्या कानात इअरफोन घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढावा, तोंड थोडे उघडावे, इअरफोन हलका फिरवत आत सरकवावा आणि मग कान सोडावा. कान सोडताच नळी टिपभोवती मिटते. बाहेरचा आवाज दबला आणि स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटले, तर टिप बसली. हसताना किंवा जांभई देताना बेस जात असेल, तर जबड्याच्या हालचालीने नळीचा आकार बदलून टिप सुटते आहे. तिथे एक माप मोठी किंवा फोमची टिप उपयोगी पडते. फोमची टिप बोटांनी वळून बारीक करावी, पटकन आत घालावी आणि ती फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने तशीच धरून ठेवावी. फोम नळीचा आकार घेतो, त्यामुळे फट राहत नाही. तो वरच्या पट्टीचा आवाज थोडा शोषून घेतो, ही काहींना अडचण वाटते. ज्यांचा इअरफोन मुळातच टोकदार आहे त्यांना तोच फायदा. सिलिकॉनच्या टिपांमध्येही भोकाच्या रुंदीने फरक पडतो. रुंद भोकाच्या टिपेतून ट्रेबल मोकळा येतो, अरुंद भोकाने तो सहसा किंचित मऊ होतो.

आता इअरफोन कानात किती खोल बसतो याविषयी, कारण या गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. उघड्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांबीची असते आणि एका टोकाला बंद असलेल्या कोणत्याही नळीप्रमाणे तीही घुमते. हा घुमारा सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो. इअरफोनने दुसरे तोंडही बंद केले की घुमण्याची जागा बदलते आणि साधारण ७,००० ते ९,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक टोक उभे राहते, म्हणजे तेवढा आवाज एकदम मोठा होतो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे सुरीसारखी लागणे आणि झांजेचा आवाज चिरका होणे, यामागे पुष्कळदा हेच टोक असते. इअरफोन दोन-तीन मिलिमीटर आत सरकवला की उरलेली नळी आखूड होते आणि टोक आणखी वर सरकते, जिथे कान तुलनेने कमी संवेदनशील असतो. म्हणून एखादे गाणे टोचत असेल, तर थोडी लहान किंवा लांबट टिप लावून इअरफोन जरा खोल बसवून पाहावा. अमेरिकेतील एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये आणलेला ईआर-४ हा इअरफोन तीन कडांच्या टिपांसह मुद्दाम खोल बसवण्यासाठीच घडवलेला होता. अशा टिपा झटक्याने ओढून काढू नयेत. आत निर्वात पोकळी तयार होऊन कानाच्या पडद्याला ताण बसतो. आधी कान मागे ओढून हवा आत जाऊ द्यावी आणि मग सावकाश बाहेर काढाव्यात. कान दुखत किंवा वाहत असेल तेव्हा यातले काहीही करून पाहू नये.

जाळी आणि छिद्रे

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला, तर संशय ड्रायव्हरवर (इअरफोनच्या आतल्या, आवाज निर्माण करणाऱ्या भागावर) घेण्याआधी जाळीवर घ्यावा. माझ्या एका जोडीचा डावा आवाज जवळपास अर्ध्यावर आला होता. दुरुस्तीसाठी दाखवली तिथे जोडी हातातही न घेता ‘ड्रायव्हर गेला, नवी घ्या’ असे सांगण्यात आले. घरी टिप काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर टोकाच्या जाळीचा पाऊण भाग मेणासारख्या पिवळट थराने बुजलेला होता आणि आवाज उरलेल्या पाव भागातून येत होता. पाच मिनिटांच्या साफसफाईनंतर दोन्ही बाजू सारख्या वाजू लागल्या.

साफ करताना टिप काढून घ्यावी, इअरफोनचे तोंड जमिनीकडे धरावे आणि कोरड्या, मऊ ब्रशने खालून जाळी झाडावी, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. टाचणीने टोकरू नये, फुंकर मारू नये आणि जाळीवर कोणतेही द्रव टाकू नये. पातळ झालेला मळ थेट ड्रायव्हरपर्यंत झिरपतो. सिलिकॉनच्या टिपा मात्र कोमट साबणाच्या पाण्यात धुवाव्यात आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावाव्यात. बाहेरच्या कवचावर बहुधा टाचणीच्या टोकाएवढे एखादे छिद्र असते. ते सौंदर्यासाठी नसून डायनॅमिक (पडदा हलवून आवाज काढणाऱ्या) ड्रायव्हरमागच्या हवेला वाट देण्यासाठी असते, आणि ते धुळीने बुजले किंवा कानाच्या कातडीखाली दबले तर बेसचा पोत बदलतो. मळ कानातच साठलेला असेल तर इअरफोन कितीही पुसला तरी उपयोग नाही. तो काडीने कोरण्याऐवजी डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

दोष इअरफोनमध्ये आहे की कानात, हे ठरवण्यासाठी डावा आणि उजवा इअरफोन अदलाबदल करून ऐकावे. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानात राहिला तर टिप किंवा कान तपासावा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या तोलाची पट्टी असते, तीही एकदा पाहून घ्यावी. अनवधानाने ती मधून हललेली असल्याचे मी एकापेक्षा अधिक फोनांत पाहिले आहे.

वायर असल्यास

वायरच्या इअरफोनमध्ये एक दोष असा आहे की तो एकदा ओळखता आला की पुन्हा कधी चकवत नाही. वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा पोकळ येतो किंवा नाहीसाच होतो. जॅक पूर्ण आत गेलेला नसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची सामाईक जोडणी तुटते आणि कानापर्यंत डाव्या-उजव्या ध्वनींमधला फरक तेवढा पोहोचतो. मधोमध मिसळलेला गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच असल्याने तो वजा होतो. फोनच्या खोबणीत खिशातली धूळ आणि धाग्यांचा गोळा दाबून बसलेला असतो, म्हणून जॅक ‘टक’ करून बसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो गोळा अलगद काढावा. वायर सुटी करता येत असेल आणि दोन पिनांची असेल, तर तिची एक बाजू उलटी लागलेली नाही ना, हेही पाहावे. एका बाजूचा ड्रायव्हर आत जात असताना दुसरा बाहेर येऊ लागला की बेस पोकळ होतो आणि आवाजाचा मध्य विस्कटतो.

चालताना वायर कपड्यांवर घासून होणारी खरखर थेट कानात उतरते. वायर कानामागून वळवून घेतली, किंवा क्लिपने शर्टाला अडकवली, तर ती बरीचशी थांबते.

फोन, डोंगल (इअरफोन जोडण्यासाठी फोनला लावायचा छोटा अडॅप्टर) किंवा लॅपटॉपच्या आउटपुटचा अंतर्गत रोध इअरफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा एक ढोबळ नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनसाठी तो २ ओहम किंवा त्याहून कमी असावा. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (धातूची बारीक पट्टी हलवून आवाज काढणारे) ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा रोध वारंवारतेनुसार बराच बदलतो, आणि अधिक रोधाच्या आउटपुटला जोडल्यावर त्यांचा स्वभावच बदलतो. गाणे थांबलेले असताना सतत बारीक ‘स्स’ येत असेल, तर तो संवेदनशील इअरफोन आणि गोंगाट करणारे आउटपुट यांच्या जोडीचा परिणाम असतो; चांगले, साधे डोंगल तो बहुतेक वेळा घालवते. महागड्या वायरीने मात्र आवाज सुधारतो, असे मला कधी आढळले नाही. वायर तुटकी नसली म्हणजे पुरे.

ब्लूटूथ असल्यास

ब्लूटूथवर आवाज लहान करून पाठवला जातो आणि तो लहान करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक पारंपरिक ब्लूटूथ उपकरणात असतोच, आणि त्याच्या उच्च दर्जाच्या रूपात सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट जातात. आयफोन एएसी हा कोडेक वापरतो. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ८ पासून एलडॅक हा कोडेक उपलब्ध आहे. तो ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतो. सर्वांत वरची पायरी कागदावर छान दिसते, पण गर्दीच्या ठिकाणी, जिथे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायची रेटारेटी असते, तिथे आवाज तुटू लागतो. तुटक ९९० पेक्षा अखंड ६६० केव्हाही चांगला. फोन मागच्या खिशात ठेवल्यानेही तुटणे वाढते, कारण शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते.

कोडेकपेक्षा कितीतरी मोठे नुकसान मायक्रोफोनमुळे होते, आणि तक्रार बहुतेकदा इअरफोनच्या नावावर जमा होते. संगणकावर बैठक सुरू होताच संगीत जुन्या टेलिफोनसारखे ऐकू येते. इअरफोनचा मायक्रोफोन चालू होताच पारंपरिक ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर उतरते. तिथे आवाज एकपदरी (मोनो) होतो आणि सेकंदाला बहुधा ८,००० किंवा १६,००० नमुने घेतले जातात, जेव्हा सीडीमध्ये हा आकडा ४४,१०० असतो. यावर उपाय म्हणजे बैठकीच्या ॲपमध्ये आवाज ऐकण्यासाठी इअरफोन, पण बोलण्यासाठी संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडणे. एवढ्याने इअरफोन संगीताच्या पद्धतीवरच राहतो.

गाण्यांच्या ॲपमध्ये वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांचा दर्जा वेगवेगळा ठरवावा लागतो. मोबाइल डेटाचा दर्जा खालच्या पायरीवर अडकलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. २५६ ते ३२० किलोबिटचा दर्जा मिळाल्यावर पुढच्या वाढीचा फरक शांत जागी, लक्ष देऊन ऐकतानाही पकडणे अवघड असते, म्हणून त्यासाठी वेगळा खर्च करण्याची घाई करू नये. जुनी १२८ किलोबिटची फाइल ३२० मध्ये रूपांतरित केल्याने मात्र काहीही परत येत नाही; फाइल जाड होते एवढेच.

व्हॉल्यूम आणि तुलना

कोणताही बदल चांगला की वाईट हे ठरवताना दोन्ही वेळचा आवाज सारख्याच मोठेपणाचा असावा. डेसिबल-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज नुसता मोठा वाटत नाही, तो अधिक सुस्पष्ट आणि भरदार वाटतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी असताना कानाला खालच्या पट्टीतले ध्वनी विशेष कमी जाणवतात. आवाज वाढवला की बेस आपोआप फुलतो. ‘बेस बूस्ट’, ‘सराउंड’, ‘साउंड एन्हान्सर’ अशी बटणे दाबताच जी सुधारणा भासते, तिच्यात पुष्कळदा या मोठेपणाचाच वाटा असतो. ती सगळी बटणे आधी बंद करावीत, नाहीतर फोन, ॲप आणि इअरफोनचे स्वतःचे ॲप असे तिघे एकाच आवाजावर एकाच वेळी हात चालवतात.

मोठ्याने तासभर ऐकल्यावर कान तात्पुरता बधिर होतो आणि तेच गाणे मंद वाटू लागते. तेव्हा केलेली प्रत्येक जुळवणी दुसऱ्या दिवशी कर्कश निघते. त्यामुळे जुळवणी ताज्या कानांनीच करावी. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सुरक्षित मर्यादा आहे, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट कमी आत येतो, त्यामुळे कमी व्हॉल्यूमवरही बारकावे ऐकू येतात.

सर्वांत शेवटी इक्वलायझर

इतके सर्व करूनही स्वभाव पटत नसेल तर इक्वलायझरला हात घालावा. चढवण्यापेक्षा उतरवणे श्रेयस्कर. एखादा पट्टा ४ डेसिबलने चढवायचाच असेल, तर प्रीॲम्प नावाची एकूण पातळीची पट्टी निदान ४ डेसिबलने खाली आणावी; नाहीतर आधीच काठोकाठ भरलेले ध्वनिमुद्रण मर्यादेबाहेर जाऊन फाटते.

आवाज कोंदटलेला, घोंगडी पांघरून गायल्यासारखा वाटत असेल, तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल उतरवून पाहावेत. गायक वाद्यांच्या मागे दडल्यासारखा वाटत असेल, तर २,००० ते ३,००० हर्ट्झला एक-दीड डेसिबल द्यावेत. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील, तर त्या टोचणीची नेमकी जागा शोधावी: कमी व्हॉल्यूमवर ५,००० ते १०,००० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा सूर लावावा आणि जिथे तो अचानक मोठा होतो तो आकडा टिपून ठेवावा. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये (ज्यात पट्ट्याची जागा आणि रुंदी स्वतः ठरवता येते) त्याच आकड्यावर अरुंद पट्टा घेऊन ३ डेसिबल उतरवावेत. हा आकडा प्रत्येकाच्या कानानुसार आणि टिपच्या खोलीनुसार वेगळा येतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

इंटरनेटवर इअरफोनचे मोजमाप-आलेख आणि त्यांवरून काढलेल्या तयार जुळवण्या मिळतात; ऑटोईक्यू हा त्यांचा सर्वपरिचित मोफत संग्रह आहे. त्यातल्या अनेक जुळवण्या ध्वनी उपकरणे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील संशोधकांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून ठरवलेल्या आलेखाला धरून असतात. बेस आणि मधल्या पट्टीसाठी त्या चांगली सुरुवात करून देतात. मात्र मोजणीचे कृत्रिम कान साधारण ८,००० हर्ट्झच्या वर खऱ्या कानाशी फारसे जुळत नाहीत, त्यामुळे त्याच्या वरच्या दुरुस्त्या काढून टाकून तेवढा भाग स्वतःच्या कानाने ठरवावा.

डग्ग्याची घुमार आणि त्याच वेळी तबल्याची चाट सुटी ऐकू येते असे एखादे ध्वनिमुद्रण आणि एक नुसते बोलण्याचे, अशी ओळखीची दोन ध्वनिमुद्रणे कसोटीसाठी कायम ठेवावीत. बोलणे विशेष उपयोगी, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पक्के ठाऊक असते आणि अनैसर्गिकपणा लगेच खटकतो. जुळवणी झाली की तीन-चार दिवस तीच ठेवावी, मग व्हॉल्यूम सारखा करून इक्वलायझर एका क्षणात बंद-चालू करत तीच दोन ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकावीत. जो पट्टा बंद केल्यावर काहीच उणे वाटत नाही, तो काढून टाकावा. माझ्या सध्याच्या जोडीवर सात पट्ट्यांपैकी अशा रीतीने दोनच उरले आहेत: २५० हर्ट्झला २ डेसिबल खाली आणि ७,८०० हर्ट्झला ३ डेसिबल खाली.